ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीचं तेल

फोर्डने २०१२ साली मस्टँगच्या दोन गाड्या एकाच शोरूममध्ये उभ्या केल्या. एक मस्टँग जीटी, दुसरी बॉस ३०२. दोन्हींत पाच लिटरचं, एकाच घराण्यातलं व्ही-८ इंजिन. जीटीच्या पुस्तिकेत इंजिन ऑइल लिहिलं होतं ५डब्ल्यू-२०, बॉसच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-५०. बॉसच्या इंजिनात फरक होतेच. सिलिंडर हेड वेगळं, कनेक्टिंग रॉड जास्त मजबूत, रेडलाइन साडेसात हजारांवर. पण तेलाच्या आकड्यातल्या या उडीमागे मोठं कारण होतं ते वापराचं. जीटी घेणारा बहुतेक वेळ ऑफिस आणि हायवे करणार होता. बॉस घेणारा ती ट्रॅकवर नेऊन तासभर पिळणार, हे कंपनीने धरूनच ठेवलं होतं.

आपल्याकडेही आता अशा गाड्या बाळगणारे बरेच झाले आहेत. आठवडाभर गाडी पार्किंगमध्ये कव्हरखाली. रविवारी पहाटे ताम्हिणी नाहीतर पसरणीचा घाट, नाश्त्याला परत घरी. आणि वर्षातून एकदोनदा कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक किंवा ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. यांच्या गप्पांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो: तेल कुठलं टाकू? उत्तरादाखल लगेच कंपन्यांची नावं सुरू होतात. माझं ठाम मत असं, की कंपनीचं नाव हा या प्रश्नातला सगळ्यात शेवटचा आणि सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे. पहिला प्रश्न हा, की तुमच्या गाडीतलं तेल तुमच्या वापरात किती तापतं?

हे कळायला आधी कॅनवरचे आकडे नीट समजून घ्यावे लागतात. ते ठरवणारं मानक अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सचं आहे, त्याचा क्रमांक जे-३००. ५डब्ल्यू-४० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा कडाक्याच्या थंडीत तेल किती वाहतं राहतं ते सांगतो: ०डब्ल्यूची चाचणी उणे ३५ अंशांवर, ५डब्ल्यूची उणे ३०वर, १०डब्ल्यूची उणे २५वर, १५डब्ल्यूची उणे २०वर. पुण्यात जानेवारीच्या पहाटे पारा आठ-नऊ अंशांवर आला तरी ती आपल्यासाठी बातमी असते. म्हणजे ज्या टोकाच्या थंडीसाठी ही चाचणी आहे, ती आपल्या गाडीच्या नशिबी नाही. पातळ सुरुवातीचा थोडा फायदा गार इंजिन सुरू करताना इथेही होतो, तेल वरच्या कॅमशाफ्टपर्यंत लवकर पोचतं, पण तो फायदा म्युनिक किंवा डेट्रॉइटइतका मोठा नाही.

आपल्या कामाचा आकडा दुसरा. तो १०० अंश सेल्सिअसला तेलाचा दाटपणा किती, ते सांगतो. मोजमाप सेंटिस्टोकमध्ये. २० ग्रेडचं तेल ६.९ ते ९.३च्या दरम्यान, ३० ग्रेडचं ९.३ ते १२.५, ४० ग्रेडचं १२.५ ते १६.३, ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९. इथे दोन गोष्टी लक्षात घ्यायच्या. एक म्हणजे प्रत्येक ग्रेड हा पट्टा आहे, एक नेमकी रेघ नाही. पट्ट्याच्या वरच्या टोकाचं ३० आणि खालच्या टोकाचं ४० यांत नावापुरताच फरक असू शकतो. दुसरी जास्त महत्त्वाची: हे सगळे आकडे १०० अंशांचे आहेत. तेल गुळाच्या पाकासारखं वागतं, आच वाढली की धार पातळ होते. ट्रॅकवर आच वाढतेच.

किती वाढते? रस्त्यावर चांगल्या अवस्थेतल्या गाडीचं संपमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीतलं, तेल साधारण ९० ते ११० अंशांत राहतं. ट्रॅकवर रेडलाइनच्या आसपास वीस मिनिटांचं सेशन केलं, की १२० सहज ओलांडलं जातं. ऑइल कूलर नसेल, त्यात दुपारी बाहेर ३५-३६ अंश असतील, तर १३०-१४० हा आकडाही दिसतो. आता १३० अंशांना काय होतं ते पाहा. बाजारात मिळणारं चांगलं ०डब्ल्यू-२० तेल, जे १०० अंशांना साडेआठ सेंटिस्टोकच्या आसपास असतं, ते १३०ला पाचच्या जवळ येतं. ५डब्ल्यू-४० तेरा-साडेतेरावरून साडेसातच्या थोडं वर. ५डब्ल्यू-५० अठरावरून दहाच्या घरात. म्हणजे ट्रॅकवर तापलेलं ४० ग्रेडचं तेल हे रस्त्यावरच्या २० ग्रेडच्या तेलाइतकंच पातळ होतं. बॉस ३०२चं ५डब्ल्यू-५० या हिशेबाने पाहिलं की त्यात आश्चर्य उरत नाही. ट्रॅकवरच्या उकाड्यातही बेअरिंगला पुरेसा दाट पडदा मिळावा, एवढाच त्याचा अर्थ.

तो पडदा जरा जवळून बघू, कारण सगळं घडतं ते तिथेच. कनेक्टिंग रॉडचं जाड टोक क्रँकशाफ्टच्या जर्नलला धरून असतं आणि मध्ये असतात बेअरिंगच्या दोन अर्धगोल वाट्या. वाटी आणि जर्नल यांच्यातली मोकळीक असते साधारण पन्नास मायक्रॉन, माणसाच्या केसाच्या जाडीहून कमी. ऑइल पंप तेल तिथपर्यंत पोचवतो, पण भार पंपाचा दाब पेलत नाही. जर्नल फिरताना तेलाला स्वतःबरोबर ओढत नेतो, अरुंद होत जाणाऱ्या फटीत ते कोंबलं जातं आणि त्या कोंबण्यातून इतका प्रचंड दाब तयार होतो की धातूला धातू लागत नाही. सगळ्यात अरुंद जागी या पडद्याची जाडी एखाद-दोन मायक्रॉन उरते, कधी त्याहूनही कमी. पडदा टिकणं तीन गोष्टींवर अवलंबून असतं: फिरण्याचा वेग, भार आणि तेलाचा दाटपणा. पहिल्या दोन गोष्टी तुमच्या उजव्या पायात आहेत. तिसरी तुम्ही दुकानातून विकत आणता.

आणि या फटीतलं तेल संपमधल्या तेलापेक्षा बरंच गरम असतं, कारण ते घुसळलं जात असताना तिथेच तापतं. संपमधला गेज १२० दाखवत असेल तर बेअरिंगमध्ये दीडशेच्या घरात गेलेलं असू शकतं. म्हणून तेल पारखणारी मंडळी कॅनवरच्या ग्रेडपेक्षा आणखी एका आकड्याकडे बघतात. त्याला एचटीएचएस म्हणतात. १५० अंशांना, प्रचंड वेगाने घुसळलं जात असताना, तेलाचा किती दाटपणा शिल्लक राहतो, ते हा आकडा सांगतो. जे-३००नुसार २० ग्रेडला किमान २.६, ३० ग्रेडला किमान २.९, ०डब्ल्यू-४०, ५डब्ल्यू-४० आणि १०डब्ल्यू-४०ला किमान ३.५, आणि ५० ग्रेडला किमान ३.७ असा तो लागतो. युरोपीय कंपन्यांनी वर्षानुवर्षं आपल्या परफॉर्मन्स गाड्यांसाठी ३.५ ही सीमारेषा पाळली. पोर्शेचा ए४० दर्जा, बीएमडब्ल्यूचा लाँगलाइफ-०१, मर्सिडीजचा २२९.५, फोक्सवॅगनचा ५०२ ००, हे सगळे साडेतीन किंवा वरचे. ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीसाठी मला जर एकच आकडा लक्षात ठेवा म्हणून सांगायचं असेल, तर मी हाच सांगेन. तो कॅनवर छापलेला नसतो. तेल कंपनीच्या वेबसाइटवर त्या तेलाचं टेक्निकल डेटा शीट असतं, त्यात सापडतो. आणि ज्या तेलाच्या शीटमध्ये तो सापडतच नाही, ते तेल मी ट्रॅकच्या गाडीत घालणार नाही.

मग आजच्या नव्या गाड्यांत ०डब्ल्यू-२० का येतं? तेल पातळ असलं की ते ढवळण्यात इंजिनाची ताकद कमी खर्च होते, इंधन थोडं वाचतं. एका गाडीत हा फरक एक-दोन टक्क्यांचा असेल, पण लाखो गाड्या विकणाऱ्या कंपनीला सरकारी इंधन-मानकं पाळताना तो मोलाचा ठरतो. अमेरिकेत तर मायलेजच्या चाचणीत जे तेल वापरलं, तेच ग्राहकाला पुस्तिकेत सुचवावं लागतं. यात फसवणूक काही नाही. त्या इंजिनाची बेअरिंग्ज, ऑइल पंप, पृष्ठभाग हे सगळं त्या तेलासाठी घडवलेलं असतं आणि रस्त्यावर ते लाख-दीड लाख किलोमीटर निमूट चालतं. फक्त ते रोजच्या रस्त्यासाठी ठरवलेलं आहे, ट्रॅकसाठी नाही, हे समजून घ्यायला हवं. जनरल मोटर्सने हे फार प्रामाणिकपणे लिहून दिलं होतं. सातव्या पिढीच्या कॉर्व्हेटच्या पुस्तिकेत रस्त्यासाठी ५डब्ल्यू-३० होतं आणि ट्रॅकवर जाण्याआधी १५डब्ल्यू-५० भरा, परतल्यावर पुन्हा ५डब्ल्यू-३०वर या, अशी सूचना होती. पुढे त्यांनी ही दोनदा तेल बदलायची कटकट काढून टाकली आणि रस्ता-ट्रॅक दोन्हींसाठी एकच ०डब्ल्यू-४० ठरवलं. वीकेंडला रस्त्यावर आणि कधीमधी ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीसाठी हा तोडगा मला आजवरचा सगळ्यात शहाणा वाटतो.

इथे लगेच कोणी म्हणेल, मग आणखी जाड का नको? ६० ग्रेड घातलं की झालं, इंजिन अमर! हा गैरसमज आपल्या गॅरेजांमध्ये घट्ट बसलेला आहे. जाड तेलाला किंमत मोजावी लागते. ते ढवळताना जास्त उष्णता तयार होते, म्हणजे ज्या तापमानापासून वाचायचं तेच वाढतं. गार इंजिनात ते अरुंद फटींत उशिरा पोचतं. रिलीफ व्हॉल्व्ह उघडून पंपाचं बरंचसं तेल परत संपमध्ये जातं. गेजवर दाब जास्त दिसतो आणि माणूस खूश होतो. पण दाब म्हणजे प्रवाह नव्हे, आणि बेअरिंग गार राहतं ते प्रवाहामुळे. होंडाच्या एस२०००चं उदाहरण याबाबतीत डोळे उघडणारं आहे. दोन लिटरचं इंजिन, नऊ हजार आरपीएमची रेडलाइन, आणि पुस्तिकेत तेल १०डब्ल्यू-३०. उलट बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३चं आठ हजार आरपीएमचं सहा सिलिंडरचं इंजिन १०डब्ल्यू-६० मागतं. पिस्टनचा सरासरी वेग दोन्हींत सेकंदाला चोवीस-पंचवीस मीटर, म्हणजे जवळजवळ सारखाच. तरी तेलं दोन टोकांची. कारण तेल एकटं ठरत नाही. बेअरिंगची मोकळीक, पंपाची क्षमता, कूलरचा आकार, हे सगळं मिळून ठरतं. म्हणून शेजाऱ्याच्या एम३मध्ये १०डब्ल्यू-६० चांगलं चाललं, म्हणून ते तुमच्या टर्बो हॅचबॅकमध्ये ओतायचं कारण नाही. ज्या इंजिनाने ते मागितलं आहे त्यालाच ते द्यावं.

आता दर्जाच्या शिक्क्यांबद्दल. कॅनच्या मागे बारीक अक्षरांत ते असतात आणि बहुतेक जण ते वाचत नाहीत. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा, म्हणजे एपीआयचा, एसपी हा दर्जा मे २०२०पासून आला. त्यात एका खास धोक्याचा विचार आहे. टर्बो आणि थेट इंजेक्शनच्या इंजिनांत कमी वेगावर जोर दिला, की ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटण्याचा प्रकार होतो आणि एका फटक्यात पिस्टन फुटू शकतो. तेलातल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटमुळे तो धोका वाढतो असं आढळलं, म्हणून नव्या तेलांत त्याची जागा काही प्रमाणात मॅग्नेशियमने घेतली. तुमची गाडी टर्बो-थेट इंजेक्शनची असेल तर एसपी किंवा त्याच्या तोडीच्या कंपनी-मान्यतेखाली जाऊ नका. जुन्या काळची, या धोक्याचा विचार न करता बनवलेली रेसिंग तेलं इथे उपयोगाची नाहीत.

दुसरा भाग राखेचा. तेलातली झीजरोधक आणि सफाईची धातूयुक्त रसायनं जळली की राख उरते. युरोपच्या एसीईए मानकात ए३/बी४ गटाच्या तेलात ती जास्त चालते, सी३ गटात ०.८ टक्क्यांच्या वर चालत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला आणि विशेषतः पेट्रोल पार्टिक्युलेट फिल्टर असलेल्या गाडीला कमी राखेचं तेल हवं, नाहीतर फिल्टर हळूहळू बुजतो. दोन्ही गटांचा एचटीएचएस ३.५ किंवा जास्त असतो, त्यामुळे फिल्टरवाल्या गाडीच्या मालकाने हताश व्हायचं कारण नाही. सी३ गटातलं ५डब्ल्यू-४० किंवा ०डब्ल्यू-४० मिळतं. आधी आपल्या गाडीला तो फिल्टर आहे की नाही ते सर्व्हिस ॲडव्हायजरकडून खात्री करून घ्या.

फुल्ली सिंथेटिक या शब्दांवर मात्र फार विसंबू नका. अमेरिकेत १९९९ साली मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यात यावरून जाहिरातींच्या पंचांपुढे वाद गेला. कच्च्या तेलावर खोल प्रक्रिया करून मिळवलेल्या, तिसऱ्या गटाच्या बेस ऑइलला सिंथेटिक म्हणता येईल, असा निकाल लागला. तेव्हापासून पूर्णपणे रसायनशाळेत घडवलेलं पॉलिअल्फाओलेफिन आणि हे प्रक्रिया केलेलं तेल एकाच नावाखाली विकलं जातं. प्रक्रिया केलेलं तेल वाईट नाही, आजची बरीच उत्तम तेलं त्यावर उभी आहेत. पण ट्रॅकच्या उष्णतेत पॉलिअल्फाओलेफिन आणि एस्टर जास्त काळ तग धरतात, कमी उडतात, आणि एस्टर तर वंगणाचा थर धातूला धरूनही ठेवतात. एस्टरची ही चिकाटी जुनीच आहे. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या रोटरी इंजिनांत आपलं साधं एरंडेल वापरलं जाई. ते निसर्गतःच एस्टर आहे, धातूला चिकटून राहतं, आणि त्यात पेट्रोल सहजी विरघळत नाही. त्याचा दोष म्हणजे तापलं की राळेसारखा थर धरतं, म्हणून इंजिन वारंवार उघडून साफ करावं लागे. आजचे एस्टर तो दोष टाळून घडवलेले असतात.

आणखी एक बारकावा. ०डब्ल्यू-४० आणि १०डब्ल्यू-४० दोन्ही तापल्यावर चाळीसच. पण दोन आकड्यांतलं अंतर जितकं जास्त, तितकं ते साधायला एकतर बेस ऑइल उंची लागतं किंवा दाटपणा टिकवणारं पॉलिमर जास्त घालावं लागतं. हे पॉलिमर गिअर आणि बेअरिंगमध्ये चिरडलं जाऊन तुटतं, आणि ४०चं तेल काही तासांच्या मारानंतर ३०च्या पट्ट्यात उतरतं. आपल्याकडच्या हवेत ०डब्ल्यूचा हट्ट धरायची गरज नसल्याने, पुस्तिकेची परवानगी असेल तर ५डब्ल्यू-४० मला जास्त पटतं. अर्थात उत्तम बेसवरचं ०डब्ल्यू-४० स्वस्त ५डब्ल्यू-४०ला सहज मागे टाकतं, त्यामुळे इथेही डेटा शीटच वाचायचं.

आतापर्यंत ट्रॅकचं बोललो. वीकेंडच्या गाडीची दुसरी अडचण नेमकी उलटी आहे: ती नुसती उभी असते. आठवडाभर उभी, मग शनिवारी संध्याकाळी जवळच कुठे तरी दहा मिनिटांची फेरी. या फेरीत कूलंटचा काटा मध्यावर येतो, म्हणून गाडी गरम झाली असं वाटतं, पण तेल त्याच्या बरंच मागे असतं. गार इंजिनात जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून संपमध्ये उतरतं, ज्वलनातली वाफ पाणी होऊन तेलात मिसळते. तेल शंभरीच्या जवळ जाऊन तिथे वीस-पंचवीस मिनिटं राहिलं तरच हे दोन्ही उडून जातं. नाहीतर साठत राहतं, आम्लं तयार होतात, ऑइल फिलरच्या झाकणाखाली पावसाळ्यात पांढरट साय दिसायला लागते. आपल्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे. ते बाष्प व्हायला जास्त उष्णता घेतं आणि पाणी धरून ठेवतं, त्यामुळे छोट्या फेऱ्यांचा त्रास कमी होण्याऐवजी वाढतोच. तेलात चार-पाच टक्के पेट्रोल मिसळलं, की ४० ग्रेडचं तेल ३०सारखं वागायला लागतं. कॅनवरचा आकडा तेव्हा निरर्थक होतो. म्हणून गाडी काढायचीच तर निदान पाऊण तासासाठी काढा. नुसती पार्किंगमध्ये पाच मिनिटं सुरू करून बंद करणं हा इंजिनावर अन्याय आहे. आणि किलोमीटर कितीही कमी झाले असोत, वर्षातून एकदा तेल आणि फिल्टर बदलाच, शक्यतो पावसाळा संपल्यावर.

ट्रॅक डेच्या आधीचं काम सोपं आहे, पण बहुतेक जण तिथेच चुकतात. ताजं तेल भरून जा, निदान जुनं झालेलं घेऊन जाऊ नका. पातळी सपाट जागेवर, इंजिन गरम करून, बंद केल्यावर पाचेक मिनिटांनी पाहा आणि ती वरच्या खुणेला लागलेली असू द्या. वर नाही, तिच्या खालीही नाही. खाली असेल तर लांब वळणात तेल एका बाजूला सरकतं आणि पंपाचं तोंड उघडं पडतं. जास्त असेल तर क्रँकशाफ्ट त्याला घुसळून फेस करतो, आणि फेसाने बेअरिंग वाचत नाही. काही नव्या गाड्यांत डिपस्टिकच नसते, पातळी स्क्रीनवर पाहावी लागते आणि ती मोजायला गाडी काही मिनिटं घेते. ते आदल्या दिवशी करा, पिटमध्ये घाईत नको. पहिल्या सेशननंतर पुन्हा पाहा. बऱ्याच टर्बो गाड्या ट्रॅकवर तेल खातात. बूटमध्ये त्याच तेलाचा एक लिटरचा सीलबंद कॅन असावाच.

तापमान कसं कळणार? फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत ते मीटरमध्येच दिसतं, बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांत स्वतंत्र गेज असतो. काही गाड्यांत ओबीडीला जोडलेल्या साध्या उपकरणाने फोनवर येतं. यातलं काहीच चालत नसेल तर ऑइल फिल्टरच्या सँडविच प्लेटमध्ये सेन्सर बसवून घ्या. इंजिनासाठी एवढा उपयोगाचा दुसरा खर्च मला तरी सुचत नाही. तेल ८० अंशांच्या वर गेल्याशिवाय रेडलाइनला जायचं नाही. १२०-१२५पर्यंत चांगलं तेल निश्चिंत असतं. १३० दिसलं की एक लॅप हळू घ्या. १४० दिसलं की पिटमध्ये या, आणि थेट येऊन इंजिन बंद करू नका. शेवटची लॅप हलक्या पायाने मारा, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल जागीच जळून कोळसा होणार नाही. आणि प्रत्येक सेशनमध्ये १३०च्या वर जात असेल, तर ग्रेड वाढवत बसण्यापेक्षा ऑइल कूलर बसवा. उष्णता हा आजार आहे, जाड तेल हे फक्त वेदनाशामक.

एका बाबतीत कुठलंच तेल उपयोगी पडत नाही. चिकट टायर लावून लांब, वेगवान वळणात गाडी एक जीपेक्षा जास्त बाजूचा जोर घेते. संपमधलं तेल एका भिंतीवर चढतं आणि पंप दोन सेकंद हवा ओढतो. ५डब्ल्यू-४० असो की ५डब्ल्यू-५०, हवा ओढल्यावर दोन्ही सारखीच निरुपयोगी. इथे उपाय संपमधल्या आडव्या पट्ट्या, मोठा संप, आणि महागड्या टोकाला ड्राय संप, ज्यात तेल वेगळ्या टाकीत ठेवलेलं असतं. ट्रॅकवर लांब वळणात ऑइल प्रेशरचा दिवा क्षणभर जरी लुकलुकला, तर तो दिवस तिथेच संपवा.

ट्रॅकवरून परतल्यावर तेल किती दिवस चालवायचं? नुसत्या रंगावरून काही ठरत नाही. काळं झालेलं तेल कधीकधी आपलं काम चोख करत असतं, आणि सोनेरी दिसणारं तेल पेट्रोलने पातळ झालेलं असतं. वापरलेल्या तेलाचा नमुना तपासून देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. कारखाने आणि जहाजांसाठी हे काम वर्षानुवर्षं होतं, गाडीच्या मालकालाही ते करून घेता येतं. ड्रेन सुरू झाल्यावर मधल्या धारेतून नमुना घ्यायचा. पहिल्या धारेत तळाचा गाळ येतो. अहवालात तीन गोष्टी बघायच्या: १०० अंशांचा दाटपणा अजून त्या ग्रेडच्या पट्ट्यात आहे का, पेट्रोल किती मिसळलं, आणि शिसं, तांबं, लोखंड यांचे आकडे मागच्या अहवालापेक्षा चढले का. शिसं आणि तांबं एकदम चढलं, तर अनेक इंजिनांत तो बेअरिंग झिजत असल्याचा सांगावा असतो. एका अहवालावरून घाबरायचं नाही, दोन-तीन अहवालांचा कल पाहायचा. हे करायचं नसेल तर सोपा नियम पाळा: प्रत्येक दोन ट्रॅक डेनंतर तेल बदला, तापमान १३०च्या वर गेलं असेल तर प्रत्येक ट्रॅक डेनंतर.

मग निवड कशी करायची, ते स्पष्ट सांगतो. गाडी वॉरंटीत असेल तर पुस्तिकेतल्या मान्यतांच्या यादीबाहेर पाऊल टाकू नका, पण यादीत एकापेक्षा जास्त दर्जे दिले असतील तर त्यातला एचटीएचएस ३.५ किंवा वरचा निवडा. गाडी फक्त घाटात फिरत असेल आणि तेल ११०च्या आत राहत असेल, तर पुस्तिकेतलंच तेल ठेवा, ते पुरेसं आहे. ट्रॅकवर १२० ते १३० दिसत असेल तर कंपनीची मान्यता असलेलं ५डब्ल्यू-४० किंवा ०डब्ल्यू-४०. कूलर बसवूनही १३०च्या वर राहत असेल, किंवा इंजिनानेच मागितलं असेल, तर ५० ग्रेड. बाइकचं तेल, जादूच्या बाटलीतली ॲडिटिव्ह्ज आणि ज्यावर कुठल्याही गाडी कंपनीची मान्यता छापलेली नाही असं नुसतं रेसिंग लिहिलेलं तेल, हे रस्त्यावरही चालणाऱ्या गाडीत घालू नका.

आणि तेल अधिकृत विक्रेत्याकडूनच, बिल घेऊन, सील स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्या. नावाजलेल्या कंपन्यांच्या रिकाम्या कॅनमध्ये भलतंच तेल भरून विकण्याचा धंदा आपल्या देशात सर्रास चालतो, आणि तो आपणच फेकलेल्या कॅनवर चालतो. गॅरेजमध्ये तेल बदलून झालं, की रिकाम्या कॅनला आणि त्याच्या झाकणाला स्क्रूड्रायव्हरने भोकं पाडा, लेबल फाडा आणि मगच तो टाका. वापरलेलं तेल गटारात जाऊ देऊ नका, ते पुनर्प्रक्रियेसाठी गोळा करणाऱ्यालाच द्या.